आपलेच फोटो, आपणच परीक्षक

जुलै महिन्यातली गोष्ट. घाटमाथ्यावर चार दिवस पाऊस कोसळत होता. खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडल्याची बातमी सकाळीच आली होती आणि पुण्यातला बाबा भिडे पूल वाहतुकीला बंद झाला होता. आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळातले नववीचे अकरा विद्यार्थी घेऊन मी संध्याकाळी लकडी पुलावर गेलो. पदपथावर, कठड्याच्या आत उभे राहून सर्वांनी छायाचित्रे घ्यायची होती. विषय ठरला होता : ‘नदीला पाणी कसे चढते’. पावणेदोन तासांत सगळ्यांची मिळून १६८ छायाचित्रे झाली.

दुसऱ्या दिवशी ती आम्ही वर्गातल्या पडद्यावर पाहिली आणि उत्तम छायाचित्रासाठी मतदान घेतले. अकरांपैकी नऊ मते एकाच चित्राला पडली. गढूळ तपकिरी लाटांवरून एक पांढराशुभ्र बगळा उडत चालला होता आणि ढगांच्या फटीतून आलेला उजेड नेमका त्याच्या पंखांवर पडला होता. माझेही मत त्यालाच होते. आणखी अकरा चित्रे निवडून मी मुलांना सांगितले, “उरलेली पुसून टाका आणि फोन मोकळे करा.”

आठवड्याने भित्तिपत्रक तयार करायला बसलो, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, पाणी किती चढले, ते कोणत्या फोटोवरून सांगायचे?” आम्ही निवडलेली बाराही चित्रे पुन्हा पाहिली. लाटा होत्या, फेस होता, छत्र्या होत्या, बगळा होता. परंतु पाणी एका तासात वीतभर चढले की पुरुषभर, हे एकाही चित्रावरून सांगता येईना. उरलेली चित्रे तर माझ्याच सांगण्यावरून पुसली गेली होती.

सुदैवाने एका मुलीने फोटो वडिलांच्या फोनवर काढले होते. वडील गावाला गेल्यामुळे तिला ते पुसता आले नव्हते. त्यांत पलीकडच्या काठावरच्या दगडी पायऱ्यांची तीन चित्रे होती. तिने कठड्यावर फोन टेकवून, एकाच जागेवरून ती घेतली होती. मतदानात त्यांना एकही मत मिळाले नव्हते. पहिल्या चित्रात पाण्याच्या वर नऊ पायऱ्या दिसत होत्या, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात चार. फोनने वेळ आपोआप नोंदवली होती : पाच वाजून दहा मिनिटे, पाच चाळीस आणि सहा दहा. पुढे जानेवारीत नदी आटल्यावर आम्ही त्या पायऱ्या मोजून आलो. एकेक पायरी सुमारे १७ सेंटिमीटर उंच निघाली. म्हणजे एका तासात पाच पायऱ्या, सुमारे ८५ सेंटिमीटर पाणी चढले होते. शिवाय पहिल्या अर्ध्या तासात दोन पायऱ्या आणि दुसऱ्यात तीन, म्हणजे पाणी चढण्याचा वेगही वाढत होता. आमच्या विषयाचे उत्तर या तीन चित्रांत होते आणि ती पुसायला मीच सांगितले होते.

विद्यार्थिमित्रांनो, तेव्हापासून मी एका प्रश्नाचा विचार करतो आहे. आपणच काढलेल्या छायाचित्रांपैकी कोणती जमली आणि कोणती फसली, हे ओळखायचे कसे? फोनमुळे फोटो काढणे आता फारच सोपे झाले आहे. निवड करणे मात्र तितकेच अवघड राहिले आहे. प्रयोगशाळेत आपण काही सवयी शिकतो. त्या सवयी या कामात कशा उपयोगी पडतात, ते पाहू.

आधी काम, मग गुण

मोजपट्टी चांगली की तराजू चांगला, असे कोणी विचारले तर आपण म्हणू, “काय मोजायचे आहे ते आधी सांगा.” छायाचित्राचेही तसेच आहे. बगळ्याचे चित्र वाईट होते काय? मुळीच नाही. त्या संध्याकाळी नदी कशी दिसत होती, हे सांगायला ते उत्तम होते. पाण्याची उंची सांगणे हे त्याचे काम नव्हते. चूक आमच्या परीक्षणात होती. आम्ही विषय एक ठरवला आणि गुण दुसऱ्याच गोष्टीला दिले.

छायाचित्राचे काम ठरलेले असले म्हणजे परीक्षण किती नेमके होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा नावाच्या लहानशा घुबडाचे नमुने एकोणिसाव्या शतकात मिळाले होते. त्यांतला खात्रीचा शेवटचा नमुना १८८४ सालचा. त्यानंतर हा पक्षी पुन्हा दिसेना. तो नष्ट झाला असावा, असे अनेकांना वाटू लागले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकी पक्षी-अभ्यासकांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. मध्ये ११३ वर्षे लोटली होती.

आता अडचण अशी की, आपल्याकडे जुन्या झाडांच्या ढोलीत सर्रास आढळणारा साधा पिंगळा आणि हा रानपिंगळा दिसायला बरेच सारखे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. रानपिंगळ्याच्या पायांवर दाट पिसे असतात, पोटाचा खालचा भाग पांढरा असतो आणि शेपटीवर रुंद पट्टे असतात. या अभ्यासकांनी पक्ष्याचे चित्रीकरण केले, छायाचित्रे घेतली. अशा वेळी मागे सूर्यास्त किती सुंदर आला आहे, हे कोणी पाहत नाही. डोके दिसते का, पाय दिसतात का, पोट दिसते का, एवढेच पाहतात. या खुणा स्पष्ट दाखवणारे चित्र जमले. त्या फांदीआड लपवणारे चित्र कितीही देखणे असले तरी या कामापुरते फसले.

काही वेळा एक चित्र एकटे काहीच सांगत नाही, पण मालिकेत बसले की बोलू लागते. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली लोकांपुढे आणला. त्यापूर्वी १९१२ साली त्यांनी ‘अंकुराची वाढ’ नावाची एक छोटी चित्रफीत तयार केली होती. कुंडीत लावलेल्या वाटाण्यासमोर कॅमेरा ठेवून, दिवसांमागून दिवस, थोडी थोडी फिल्म त्यांनी खर्च केली. त्यातले कोणतेही एक चित्र वेगळे काढले तर कुंडी आणि कोंब, एवढेच दिसेल. ती सलग दाखवली की वाटाणा डोळ्यांदेखत वाढताना दिसतो. आमच्या मुलीची तीन चित्रेही अशीच होती. आम्ही ती सुटी सुटी पाहिली, म्हणून ती कंटाळवाणी वाटली.

तेव्हा पहिला नियम असा : फोटो काढण्यापूर्वी, निदान फोटो पाहण्यापूर्वी, वहीत एक वाक्य लिहा. ‘या चित्राने काय दाखवावे?’ मगच गुण द्यायला बसा.

आठवणीचा रंग

दुसऱ्याचा फोटो आपण डोळ्यांनी पाहतो. आपला फोटो पाहताना मात्र डोळ्यांच्या जोडीला आठवणही येते. पर्वतीच्या शंभराहून अधिक पायऱ्या धापा टाकत चढून, वर वाऱ्यात उभे राहून तुम्ही शहराचा फोटो काढता. घरी आल्यावर तो पाहताना ती धाप, तो वारा, मित्रांचा हशा, सगळे परत येते आणि फोटो झकास वाटतो. शेजारच्या काकूंना दाखवला तर त्या म्हणतात, “धुकट दिसतंय रे. काय आहे हे?” काकूंचे बरोबर असते. त्यांना फक्त कागदावरचे दिसते. तुमची धाप कागदावर उतरलेली नसते.

याच्या उलटही घडते. हवे होते ते मिळाले नाही म्हणून आपण चिडलेले असतो आणि त्या रागात एखादे चांगले चित्र नापास करतो. चिमणी उडून गेली, म्हणून रिकाम्या घरट्याचा फोटो पुसतो. त्या घरट्यात कापूस, सुतळी आणि प्लॅस्टिकची पट्टी किती नीट विणलेली दिसत होती, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

अमेरिकेतील गॅरी विनोग्रँड या नामांकित छायाचित्रकाराला हा धोका पुरेपूर ठाऊक होता. चित्र घेतानाचा आनंद आणि चित्राचा चांगलेपणा यांची गल्लत होऊ नये, म्हणून तो फिल्म धुण्यापूर्वी मुद्दाम एक-दोन वर्षे थांबे. मध्यंतरी तो प्रसंग विसरला की स्वतःचीच चित्रे त्याला परक्याच्या नजरेने पाहता येत. हा उपाय अतिरेकाला गेला, तर काय होते, तेही त्याच्याकडून शिकावे. १९८४ साली त्याचे निधन झाले, तेव्हा सुमारे अडीच हजार फिल्म-गुंडाळ्या न धुतलेल्या निघाल्या. आपल्याला वर्षभर थांबण्याचे कारण नाही. पंधरा दिवस पुरेत. त्याच संध्याकाळी निकाल लावू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ.

अस्पष्टपणाचे तीन प्रकार

काम ठरले, पंधरा दिवसही गेले. आता चित्राची तपासणी करू. पहिली तपासणी स्पष्टपणाची. यात एक फसगत होते. फोनच्या लहानशा पडद्यावर जवळजवळ प्रत्येक फोटो स्पष्टच दिसतो. मूळ चित्रात आडव्या रेषेत चार हजार बिंदू असतील, तर पडद्यावर त्यांतले साधारण हजारभरच दाखवले जातात. म्हणून चित्र पूर्ण मोठे करून पाहावे आणि मुख्य वस्तूवर नजर फिरवावी.

चित्र अस्पष्ट निघाले की “हललं” म्हणून आपण मोकळे होतो. पण ताप आला की डॉक्टर कारण शोधतात. तसे इथेही शोधले पाहिजे. कारणे मुख्यतः तीन.

सगळेच चित्र एकाच दिशेने फराटल्यासारखे दिसत असेल, झाडही आणि घरही, तर तुमचा हात हलला. भिंत, रस्ता स्पष्ट आहे आणि फक्त धावणारा मुलगा पुसट आहे, तर झडप, म्हणजे शटर, जास्त वेळ उघडी राहिली. मुलाचा चेहरा धूसर आणि त्याच्या मागची कुंडी स्वच्छ दिसत असेल, तर भिंगाचा नेम चुकला आणि ते दुसऱ्याच अंतरावर रोखले गेले.

दुसऱ्या प्रकाराचा हिशेब अगदी सोपा आहे. समजा, फर्ग्युसन रस्त्यावरून एक सायकलस्वार ताशी १५ किलोमीटर वेगाने तुमच्या समोरून आडवा चालला आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. झडप १/६० सेकंद उघडी राहिली तर तेवढ्यात तो ७ सेंटिमीटर पुढे सरकतो. झडप १/५०० सेकंद उघडी राहिली तर ८ मिलिमीटरच सरकतो. आता चित्राच्या चार हजार बिंदूंच्या रुंदीत रस्त्याचा ८ मीटर भाग मावला असेल, तर एक बिंदू २ मिलिमीटरचा झाला. पहिल्या चित्रात सायकल ३५ बिंदू फराटली, दुसऱ्यात ४ बिंदू. पहिली अस्पष्ट का आणि दुसरी जवळजवळ स्पष्ट का, हे आता नुसत्या अंदाजाने सांगावे लागत नाही. झडपेचा वेळ फोनमध्ये चित्राच्या माहितीत नोंदलेला असतो, तो पाहा आणि आपल्या चित्रांवर हा हिशेब करा.

मात्र इथेही पहिला नियम विसरू नका. सायकलचा वेग दाखवणे हेच चित्राचे काम असेल, तर ते ३५ बिंदूंचे फराटेच हवेत. सायकलचा क्रमांक वाचायचा असेल तर ते नकोत.

उजेडाचा हिशेब

दुसरी तपासणी उजेडाची. साध्या अंकीय चित्रात प्रत्येक बिंदूच्या उजळपणाला ० ते २५५ या दरम्यानचा अंक दिलेला असतो. ० म्हणजे ठार काळे, २५५ म्हणजे पूर्ण पांढरे. आकाशाचा मोठा भाग २५५ वर जाऊन बसला, तर तिथे ढग होते की नव्हते, हे नंतर कोणत्याही युक्तीने कळणार नाही. ती माहिती नोंदलीच गेलेली नसते. काळ्याठिक्कर सावलीचेही तेच.

कॅमेरा समोरच्या दृश्याचा उजेड मोजतो आणि सगळे मिळून मध्यम करडे असावे, असे धरून चालतो. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात जाऊन याची परीक्षा घेता येते. आठव्या शतकातले हे लेणे काळ्या बेसाल्ट खडकात कोरलेले आहे. आत उभे राहून खांबांवर कॅमेरा रोखला, तर तो काळ्या दगडालाही करडा करू पाहतो आणि त्यासाठी जास्त उजेड आत घेतो. परिणामी बाहेरचे उन्हातले अंगण आणि तिथला वर्तुळाकार नंदीमंडप पांढराफटक पडतो. उलट मंडपावर रोखला तर मंडप नीट येतो आणि आतले खांब अंधारात बुडतात. दोन्ही एकाच चित्रात हवे असतील तर ढगाळ दिवशी जावे. त्या दिवशी आतबाहेरच्या उजेडातला फरक कमी झालेला असतो.

कधी कधी चूक कॅमेऱ्याची नसते आणि आपल्या हाताचीही नसते. सूर्याचा विचार करायचा राहून गेलेला असतो. १७३२ साली उभ्या राहिलेल्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पुण्यात येणारा प्रत्येक पाहुणा टिपतो आणि बहुतेकांच्या चित्रांत दरवाजा काळपट, मागचे आकाश पांढरे असे येते. का बरे? हा दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचे दिवस सोडले, तर मध्यान्हीचा सूर्य इथे दक्षिणेकडेच कललेला असतो. साहजिकच दरवाजाची दर्शनी बाजू दुपारी सावलीत आणि कॅमेरा उजेडाच्या तोंडाला. सप्टेंबरच्या विषुवदिनापासून मार्चच्या विषुवदिनापर्यंत तर तिच्यावर दिवसभरात कधीच थेट ऊन पडत नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सायंकाळी उशिरा तिरपे ऊन येते, तेव्हा दारावरचे अणकुचीदार खिळे उठून दिसतात. तुमचे चित्र फसले असेल, तर त्याच्या मागे वेळ, महिना आणि दिशा लिहून ठेवा. फसलेले चित्रही मग पुढच्या खेपेला उपयोगी पडते.

लहान करून, उलटे करून

तिसरी तपासणी रचनेची. यासाठी काही घरगुती युक्त्या आहेत आणि त्या प्रत्येकीमागे कारण आहे.

चित्र टपाल तिकिटाएवढे लहान करून पाहा, किंवा डोळे अर्धवट मिटून पाहा. बारीकसारीक तपशील नाहीसा होतो आणि उजेड-अंधाराचे मोठे आकार तेवढे शिल्लक राहतात. मुख्य वस्तू तशीही ओळखू आली तर ठीक. मागच्या गर्दीत ती विरून गेली, तर परक्या माणसाला मोठ्या चित्रातही ती शोधावी लागणार.

चित्र उलटे करून पाहा. फोन नुसता फिरवला तर चित्रही त्याच्याबरोबर फिरते, म्हणून ती सोय आधी बंद करा. उलट्या चित्रात ‘ही आजी’, ‘हा आमचा कुत्रा’ अशी ओळख मनात पटकन उमटत नाही. त्यामुळे नजर आकारांकडे जाते. एका कोपऱ्यात चमकणारी पिशवी, आजीच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा विजेचा खांब, हे दोष मग लगेच दिसतात.

दोन कोऱ्या कागदांना काटकोनात कापून चौकट करा आणि छापलेल्या प्रतीवर ती पुढेमागे सरकवा. कोणता भाग झाकला तरी काहीच बिघडत नाही? तो भाग चित्रात कशासाठी होता, हे स्वतःला विचारा. उत्तर नसेल तर पुढच्या वेळी दोन पावले पुढे जा.

न बोलता दाखवा

शेवटची तपासणी दुसऱ्याच्या डोळ्यांनी. इथे आपण सगळेच एक चूक करतो. फोटो दाखवता दाखवता गोष्ट सांगू लागतो. “हा बघ, इथे मागे धबधबा होता, पण...” समोरचा मग चित्र सोडून आपली गोष्ट ऐकतो.

विज्ञानात नव्या औषधाची परीक्षा घेताना कोणाला खरे औषध दिले आणि कोणाला साधी गोळी दिली, हे रोग्याला कळू देत नाहीत. पुष्कळदा ते तपासणाऱ्या डॉक्टरलाही सांगत नाहीत. आशेमुळे निकाल बदलू नये, हा त्यातला हेतू. तसेच इथे करा. चित्रांना फक्त क्रमांक द्या. ती कोणी काढली ते सांगू नका. ज्याने ती जागा पाहिलेली नाही अशा व्यक्तीला एकेक चित्र दाखवा आणि दोनच गोष्टी लिहायला सांगा : ‘सर्वांत आधी काय दिसले?’ आणि ‘या चित्रावरून काय कळले?’ तुम्ही वहीत आधीच लिहून ठेवलेल्या वाक्याशी ही उत्तरे ताडून पाहा. जुळली तर चित्र जमले.

आम्ही बगळ्याचे चित्र असे दुसऱ्या तुकडीला दाखवले. ‘बगळा’, ‘पाऊस’, ‘छान वाटले’, अशी उत्तरे आली. पायऱ्यांची तीन चित्रे ओळीने मांडली, तेव्हा जवळजवळ सर्वांनी लिहिले, ‘पाणी वाढत आहे.’ एकाने तर न सांगता पायऱ्या मोजल्या.

पुसण्यापूर्वी

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवसांत कोणी घराच्या गच्चीवरून, कोणी टेकडीवरून छायाचित्रे घेतली असतील. अशा एखाद्या चित्रात घराचा जिना दिसत असेल, दुकानाची पाटी दिसत असेल, तर साठ वर्षांनंतरही पाणी कुठवर आले होते ते त्यावरून मोजता येते. पाटीची उंची माहीत झाली की झाले. फक्त पाटी आणि पाण्याची रेघ कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हव्यात, नाहीतर हिशेब चुकतो. फोटो घेणाऱ्याच्या मनात त्या वेळी मोजमापाचा विचारही नसेल. कोणत्या चित्राला पुढे कोणते काम मिळेल, हे ते घेणाऱ्याला नेहमीच सांगता येते असे नाही.

म्हणून निवड करा, पण पुसण्याची घाई करू नका. पंधरा सारख्या चित्रांतली दहा खुशाल काढून टाका. परंतु एखाद्या विषयाचे एकुलते एक चित्र, मालिकेतले चित्र, आणि ज्यात एखादी मोजता येणारी वस्तू आहे असे चित्र राहू द्या. मूळ प्रत जपा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीत चित्र लहान होते आणि वेळेची नोंद बहुधा गळून जाते. चित्र थोडे उजळ केले तर तसे लिहून ठेवा. पुरावा म्हणून वापरायच्या चित्रातली वस्तू मात्र कधीही पुसू नये किंवा नव्याने घालू नये.

करून पहा

१. आपल्याच फोनमधली कोणतीही वीस छायाचित्रे निवडा. प्रत्येकाचे काम एका वाक्यात लिहा आणि १ ते ५ गुण द्या. वही बंद करून ठेवा.

२. पंधरा दिवसांनी चित्रांचा क्रम बदला आणि पहिले गुण न पाहता पुन्हा गुण द्या.

३. दोन्ही वेळचे गुण शेजारी शेजारी लिहा. कोणत्या चित्रांच्या गुणांत दोन किंवा अधिक फरक पडला? त्या चित्रांबद्दल पहिल्या वेळी मनात काय होते, ते आठवून लिहा.

४. तीच चित्रे न बोलता एका मित्राला आणि एका मोठ्या माणसाला दाखवा. त्यांचे गुण तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात लिहा.

५. सर्वांत कमी गुण मिळालेल्या पाच चित्रांचे दोष ठरवा : हात, झडप, नेम, उजेड, रचना की काम? कोणता दोष वारंवार आला? पुढच्या वेळी तेवढा एकच सुधारायचा, असे ठरवून बाहेर पडा.

आमच्या विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकावर शेवटी चार चित्रे लागली. मध्ये पायऱ्यांची तीन, खाली वेळा आणि सेंटिमीटर. वरच्या बाजूला बगळा. त्याच्याखाली मुलांनी लिहिले होते, ‘त्या दिवशी नदी अशी दिसत होती.’ कोपऱ्यात बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती : ‘एकूण छायाचित्रे १६८. त्यांतली १५३ सरांच्या सांगण्यावरून पुसली.’ मी ती ओळ तशीच राहू दिली.